चोवीस चिमटे: बोरिवलीच्या मळ्यावरचं एक प्रकरण

प्रौढ दिव्यांगांसाठी शेतीवर आधारित दिवसभराचा आधार म्हटलं की डोळ्यांसमोर एक छान चित्र येतं: हिरवळ, मोकळी हवा, शांत झालेली माणसं. प्रत्यक्षात पहिले दोन महिने उपटलेली रोपं, कुजलेल्या कुंड्या आणि काळजीने पोखरलेले पालक एवढंच दिसतं. इथे मांडलेलं प्रकरण त्या दोन महिन्यांचं आणि त्यानंतर काय बदललं त्याचं आहे. ते कुणा एका घराचं नाही. मुंबईतल्या अशा कामात पुन्हा पुन्हा समोर येणाऱ्या परिस्थितीतून ते बांधलं आहे.

तरुण सव्वीस वर्षांचा. स्वमग्नता (ऑटिझम) आणि मध्यम स्वरूपाचं बौद्धिक दिव्यांगत्व. दोन-तीन शब्दांत बोलतो, चित्रं आणि ओळखीचे लिहिलेले शब्द वाचतो, वीसच्या आसपास मोजता मोजता वाट चुकतो. घर दहिसर पूर्वेला, दोन खोल्यांचं. आई घरी, वडील निवृत्त. विशेष शाळा सुटल्यापासून पाच वर्षं घरातच. या पाच वर्षांत वजन वाढलं, दुपारची झोप तीन तासांवर गेली आणि रात्री दोनपर्यंत दिवा चालू राहू लागला. औषधं दोन: चिडचिडेपणासाठी रिस्पेरिडोन आणि फिटसाठी टोपिरामेट. शेवटची फिट येऊन तीन वर्षं झालेली.

आईची पहिली हरकत सरळ होती: "इतकी वर्षं शाळा केली, ती शेवटी मातीत हात घालायला?" ही हरकत मराठी मध्यमवर्गीय घरांत हमखास येते आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. आईला समजावून सांगण्यात वेळ घालवण्याऐवजी त्यांना एक सकाळ मळ्यावर बसवलं. काम करणारी माणसं काय करतात, त्यांना कोण कसं हाक मारतं, चहा कोण आणतं हे त्यांनी स्वतः पाहिलं. होकार त्यानंतर आला, तोही फक्त तीन महिन्यांपुरता.

जागा

बोरिवली पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला एका विश्वस्त संस्थेच्या आवारात साधारण चौदा मीटर बाय आठ मीटरचा तुकडा. सदस्य आठ, प्रशिक्षक ताई दोन, माळीकाका एक. आठवड्यातून तीन दिवस, साडेनऊ ते एक. एप्रिल-मे महिन्यांत आठ ते अकरा.

नेदरलँड्समध्ये शेतीवर आधार देण्याची ही पद्धत रुजली तेव्हा शेत शेतकऱ्याचं होतं. त्याच्या चालत्या शेतावर आधाराची गरज असलेली माणसं येत. मुंबईत उलटं होतं. जागा संस्थेची असते, सदस्य संस्थेचे असतात आणि शेती जाणणारा माणूस शेवटी पगारावर आणला जातो. त्यामुळे माळ्याला गटाचा भाग न मानण्याची चूक सहज होते. आढावा बैठकीत त्याला बोलावलंच जात नाही. या प्रकरणात पहिला महिना वाया गेला तो त्यामुळे.

वाफ्यांची मापं आधीच ठरवलेली होती, कारण गटात एक व्हीलचेअर वापरणाऱ्या ताई आहेत. उंच वाफा सत्तर सेंटिमीटर, खाली गुडघे जातील अशी पोकळी, एकाच बाजूने हात पोचणार असेल तर रुंदी साठ सेंटिमीटर, दोन्हीकडून पोचणार असेल तर एकशे वीस. वाट किमान नव्वद सेंटिमीटर आणि खुर्ची वळवायच्या जागी दीड मीटर. उंच वाफ्यात दोन भाग लाल माती, एक भाग गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). कोकोपीटची पाच किलोची वीट पाण्यात भिजली की सत्तर लिटरच्या आसपास फुगते. ती वीट टबात फोडणं हे गटातलं सगळ्यांत आवडीचं काम आहे. नव्या सदस्याची ओळख त्याच कामाने करून द्यावी.

सदस्य येण्यापूर्वी आवारातली कण्हेर आणि धोतरा मुळासकट काढला. दोन्ही विषारी आहेत. वस्तू तोंडात घालायची सवय असलेल्या माणसाजवळ ती झाडं नकोत. त्याच कारणाने दुकानातलं गुलाबी किंवा निळसर रंग चढवलेलं बियाणं सदस्यांच्या हाती दिलं जात नाही. तो रंग बियाण्यावर बुरशीनाशक चोळलेलं आहे याची खूण असतो. मेथी आणि धणे तर किराणा दुकानातलेच पेरले जातात. धणे पेरण्याआधी चपलेखाली रगडून दोन फोडी करायच्या. अळू लावला आहे, पण त्याची पानं कापायचं काम फक्त ताईंकडे, कारण खाज सुटली की स्वमग्न माणसाचा तो अख्खा दिवस जातो.

रोपं उपटली

पहिल्या आठवड्यात या तरुणाला निंदणीचं काम दिलं. ताईंनी गवत दाखवलं, दोन काड्या उपटून दाखवल्या आणि म्हणाल्या, "दादा, हे काढायचं." त्याने काढलं. अर्ध्या तासाने मुळ्याचा अख्खा वाफा मोकळा होता, गवतासकट मुळ्याची रोपंही गेली होती. पुढच्या फेरीला पालकाची तीच गत झाली. नोंदवहीत शेरा पडला: "विध्वंसक वर्तन. कामात रस नाही."

तो शेरा चुकीचा होता, आणि चूक माळीकाकांनी दाखवली. काम चालू असताना त्यांनी दुरून पाहिलं होतं. तो वाफ्याच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू करत होता, उजवीकडे सरकत होता, एकही काडी मागे सोडत नव्हता आणि उपटलेलं सगळं घमेल्यात नीट एका दिशेने रचत होता. रागात किंवा कंटाळून माणूस असं करत नाही. त्याने सांगितलेलं काम पूर्ण केलं होतं. "हे काढायचं" यातलं "हे" म्हणजे मातीतून वर आलेलं सगळं, असा त्याने अर्थ घेतला, आणि त्या सूचनेचा तोच अर्थ होत होता. दहा दिवसांचं मुळ्याचं रोप आणि त्याच वयाचं तण वेगळं ओळखणं नव्या माणसालाही जड जातं.

मग काम बदललं. तीन इंची पीव्हीसी पाइपाचे चार सेंटिमीटर उंचीचे तुकडे कापले, कडा घासून घेतल्या, लाल रंग दिला. पेरणी ओळीत, दोरी ताणून, दर वीस सेंटिमीटरवर दोन बिया, आणि बी पडल्या जागी लगेच एक रिंग. नियम एकच: रिंगच्या आत हात नाही, बाहेरचं सगळं आपलं. रिंगच्या आतलं तण माळीकाका काढतात. तिसऱ्या दिवसापासून त्याने एकही रोप उपटलं नाही. निंदणीत त्याची नजर आजही गटात सगळ्यांत पक्की आहे.

मेथी आणि माठ फोकून, म्हणजे हाताने विखरून पेरतात, तिथे रिंगचा उपयोग नाही. ते वाफे त्याच्या यादीत ठेवलेलेच नाहीत. सगळं काम सगळ्यांना यायला हवं असा आग्रह धरायचं काही कारण नाही.

पाणी

निंदणी थांबवली होती त्या मधल्या काळात त्याला पाणी घालायला दिलं. पाण्याचं काम सोपं असं समजतात. खरं तर मळ्यावर याइतकं अवघड काम नाही, कारण ते कधी संपलं हे दिसत नाही. मातीत पाणी जिरतं आणि कुंडी पुन्हा कोरडी दिसू लागते. तो पहिल्या सहा कुंड्यांभोवतीच फिरत राहिला. आठवडाभरात टोमॅटो आणि मिरचीची रोपं बुडाशी मऊ पडून आडवी झाली. याला रोप कोलमडणे म्हणतात. हे बुरशीमुळे होतं. ती बुरशी सतत ओल्या मातीत आणि दाट रोपांत वाढते, आणि एकदा लागली की ती कुंडी वाचत नाही.

उपाय निघाला तो कपडे वाळत घालायच्या चिमट्यांतून. चोवीस कुंड्या, चोवीस चिमटे, एक डबा. पायऱ्या अशा: झारी टाकीच्या नळाखाली रेघेपर्यंत भरायची (दोन लिटर, त्याहून जास्त नाही, कारण मनगट थकलं की धार कुंडीबाहेर जाते), एका कुंडीला पाणी घालायचं, बुडाच्या भोकातून पहिला थेंब आला की थांबायचं, कुंडीच्या कडेला चिमटा लावायचा, पुढची कुंडी. डबा रिकामा झाला की काम संपलं, झारी उलटी ठेवायची, चित्राच्या पाटीवर (दिवसाची कामं क्रमाने दाखवणारी कार्डं तिच्यावर असतात) "पाणी" हे कार्ड उलटं करायचं. ज्या कुंड्यांना आज पाणी नको त्यांना ताई सकाळी आधीच चिमटे लावून ठेवतात. त्याला "हिला नको, तिला घाल" असं एकदाही सांगावं लागत नाही.

हे शिकवलं उलट्या क्रमाने. सुरुवातीला ताई सगळं करत आणि त्याने फक्त शेवटचा चिमटा लावायचा. मग शेवटचे दोन टप्पे त्याचे, मग तीन. याचा फायदा असा की काम पुरं झाल्याचं समाधान पहिल्या दिवसापासून त्याच्याच वाट्याला येतं. हात धरून करवून घेणं शक्य तितकं टाळलं. आधी थांबून पाहायचं, मग बोटाने दाखवायचं, मग करून दाखवायचं, हात धरणं सगळ्यांत शेवटी. आणि प्रत्येक पायरीआधी मनात दहा अंक मोजायचे. घाईघाईने मदत करणारे प्रशिक्षक नकळत सदस्याला वाट पाहायला शिकवतात.

एकदा घोटाळा झाला. आदल्या दिवसाचे चिमटे कुणी काढलेच नव्हते. त्याने सकाळी चोवीस चिमटे लागलेले पाहिले, झारी उलटी ठेवली आणि बसून राहिला. त्याच्या हिशेबाने काम झालेलं होतं, आणि तो हिशेब बरोबर होता. तेव्हापासून निघताना चिमटे डब्यात टाकणं हे त्याच्याच पाटीवरचं शेवटचं कार्ड आहे.

ऊन आणि औषधं

हा भाग पालकांनी आणि संस्थांनी दोघांनीही नीट वाचावा. टोपिरामेटमुळे घाम कमी येऊ शकतो. रिस्पेरिडोनसारख्या औषधांमुळे शरीराचं तापमान सांभाळायची क्षमता कमी होऊ शकते. दोन्ही एकत्र आणि वर मुंबईचा दमट ऑक्टोबर. बाकीचे घामाने भिजलेले असताना एकाचा चेहरा लाल आणि कातडी कोरडी दिसली, तर तो ठणठणीत नाही, धोक्यात आहे. सावलीत न्यायचं, पाणी शिंपडून पंखा लावायचा, शुद्धीत असेल तर घोट घोट पाणी द्यायचं, आणि गोंधळलेला किंवा गळून गेलेला वाटला तर १०८ ला फोन करायचा. एरवीही दर अर्ध्या तासाला एक पेला पाणी, ताक किंवा कोकम सरबत. "तहान लागली का?" असं विचारायचं नाही, कारण अनेकांना ती जाणीव सांगता येत नाही. पाण्याच्या पेल्याचं कार्ड पाटीवरच असतं.

फिटचा आराखडा भिंतीवर चिकटवलेला आहे: वेळ पाहायची, आजूबाजूचं खुरपं-कात्री हलवायची, डोक्याखाली मऊ काहीतरी, झटके थांबले की कुशीवर. तोंडात काही घालायचं नाही, चप्पल किंवा कांदा हुंगवायचा नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांपुढे गेली, लागोपाठ दुसरी आली किंवा मार लागला तर १०८. या कारणाने त्याला टाकीच्या काठाशी एकटं काम दिलेलं नाही. टाकीला झाकण आणि बाहेर नळ आहे.

गटात डाउन सिंड्रोम असलेले दोन सदस्य आहेत, त्यांच्यासाठी वेगळी काळजी: डोक्यावर घमेलं नाही. डाउन सिंड्रोम असलेल्यांपैकी काहींच्या मानेतले वरचे दोन मणके सैल असतात, म्हणून डॉक्टरांची परवानगी मिळेपर्यंत डोक्यावर ओझं आणि मानेला झटका देणारं काम बंद.

पावसाळा

मुंबईत शेतीचा हा उपक्रम बहुतेकदा जुलैत मोडतो. सांताक्रूझला एकट्या जुलै महिन्यात सरासरी नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कधी मळा बंद, कधी रस्ता बंद. इतरांना ती सुट्टी वाटते. ज्याचा दिवस पाटीवरच्या कार्डांवर उभा आहे त्याच्यासाठी मात्र ती जमीन सरकणं आहे. जूनच्या अखेरीस लागोपाठ दोन दिवस मळा बंद राहिला तेव्हा त्याने घरी स्वतःच्या हाताला चावे घेतले.

पाऊस आधी सांगता येत नाही, भरती सांगता येते. साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी महापालिका पावसाळ्यापूर्वी जाहीर करते. त्या दिवशी मुसळधार पाऊस झाला की पाण्याचा निचरा होत नाही आणि शहर तुंबतं. ते सगळे दिवस घरच्या कॅलेंडरवर निळ्या रंगाने भरले. निळा दिवस म्हणजे "घरची पेटी", पाऊस पडो न पडो. त्यामुळे बंदचे निम्मे दिवस त्याला महिनाभर आधी दिसू लागले. उरलेल्यांसाठी नियम: हवामान खात्याचा नारंगी किंवा लाल इशारा असेल तर सकाळी सातपर्यंत निरोप, आणि वडील निळं कार्ड दारावर लावतात. पेटीत रोजचंच खरं काम असतं: मिसळलेल्या बिया निवडून वेगळ्या करणं, पाकिटांवर शिक्के मारणं, पाटीसाठी नवी कार्डं कापणं.

गमबूट हा दुसरा अडथळा. लेप्टोस्पायरोसिसचा धोका साचलेल्या पाण्यात असतो, उंदरांच्या मूत्रातून तो पाण्यात येतो आणि पायावरच्या बारीकशा जखमेतूनही शिरतो. म्हणून पावसाळ्यात चपलांवर मळ्यात प्रवेश नाही. पण त्याला बुटाच्या आत मोज्याची शिवण टोचत होती. जूनमध्ये सक्ती केली असती तर तो आलाच नसता. मे महिन्यात घरी, टीव्हीसमोर, मोजा उलटा घालून पाच मिनिटांपासून सुरुवात केली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तो तासभर बूट घालू लागला. तुंबलेल्या पाण्यातून कुणी चालत आलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारायचं, ताप येण्याची वाट पाहायची नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन प्रवेशाच्या अर्जातच तपासलं जातं.

दुर्वा आणि बांगडी

विकलं जाणारं काम आलं तेव्हा त्याची उपस्थिती खऱ्या अर्थाने स्थिर झाली. गणपतीत एकवीस दुर्वांची जुडी लागते. लाकडी फळीला सात-सातच्या तीन रांगांत एकवीस भोकं पाडली. प्रत्येक भोकात एक दुर्वा, फळी भरली की मूठ, मग रबर. मोजणी त्याच्या डोक्यावर न ठेवता फळीवर ठेवली. दुर्वा आवारातल्याच, रस्त्याकडेच्या नाहीत. सुरुवातीला एका जुडीला दहा मिनिटं लागत, भाद्रपद उजाडेपर्यंत चार. चूक इथेही झाली: शेजारच्या सोसायट्यांनी मागणी वाढवली, ती "नाही कसं म्हणायचं" म्हणून घेतली आणि हरतालिकेच्या दिवशी घाईत कुणीतरी त्याच्या हातातली अर्धी फळी काढून घेतली. तो उठून गेला आणि त्या दिवशी परत बसला नाही. आता मागणी गटाच्या वेगाइतकीच घेतात.

हिवाळ्यात समुद्रमेथी. वाळू मिसळलेल्या उथळ वाफ्यात दाट पेरायची आणि दोन आठवड्यांच्या आत मुळासकट उपटायची. ज्याला उपटायला आवडतं त्याच्यासाठी याहून चांगलं पीक नाही! मुळं टबात खंगाळायची आणि जुडी बांगडीतून ओवायची. सैल गेली तर अजून थोडी, अडली तर थोडी कमी, घट्ट गेली की रबर. झेंडूचं बी दसऱ्याआधी अकरा-बारा आठवडे पडायला हवं, एक आठवडा उशीर झाला तर फुलं दसऱ्यानंतर येतात आणि ती कुणी घेत नाही. माकडांमुळे उंच वाफ्यांवर जाळी लावलीच पाहिजे, आणि डबे आतच खायचे.

पैसे आणि कागद

विक्रीतून बी-खताचा खर्च वजा करून उरलेली रक्कम हजेरीप्रमाणे मानधन म्हणून सदस्यांच्या नावावरच्या बँक खात्यात जाते. ती थोडीच असते. पण सदस्यांच्या हातचा माल विकून सगळे पैसे संस्थेने ठेवणं चूक आहे, "त्यांना पैसे कळत नाहीत" हे त्याचं कारण होऊ शकत नाही.

खातं उघडताना एक गोष्ट घराला प्रथमच कळली: मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ नुसार स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. उपनगरासाठी ते कार्यालय वांद्र्याला आहे. न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना एक लाख रुपयांपर्यंत आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार आहेत आणि दिव्यांगांचं वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) काढलेलं असेल तर पुढचे अर्ज सोपे जातात. हे सगळं प्रवेशाच्या वेळीच करून घ्यावं.

दहा महिन्यांनंतर

"खूश दिसतो" ही नोंद बंद केली आहे. वहीत चार रकाने: आला का, सलग किती मिनिटं काम केलं, मदत किती लागली (शून्य ते तीन), काही घडलं का आणि त्याच्या अगदी आधी काय झालं होतं. शेवटचा अर्धा रकाना सगळ्यांत उपयोगी ठरतो. निंदणीत आणि पाण्यात त्याला आता मदत लागत नाही, पेरणीत दोरी ताणायला लागते. घरच्या वहीत दुपारची झोप गेली आहे आणि रात्री साडेअकराला दिवा बंद होतो. याचं सगळं श्रेय मळ्याला देता येणार नाही, कारण त्याच सुमारास डॉक्टरांनी रिस्पेरिडोनची वेळ बदलली होती. वजन तसंच आहे.

चौथा दिवस वाढवायची वडिलांची इच्छा आहे. गटाने ती सध्या मानलेली नाही. त्याआधी प्रवास हवा, कारण वडिलांचे गुडघे दुखतात आणि सोडायला-आणायला दुसरं कुणी नाही. शेअर रिक्षाच्या थांब्यापासून मळ्याच्या फाटकापर्यंत दोनशे मीटर आहेत, एक रस्ता ओलांडावा लागतो. त्याच्या खिशातल्या कार्डांवर पाच खुणा आहेत: मेडिकल, देऊळ, पिवळी भिंत, सिग्नल, फाटक. गेल्या आठवड्यापासून वडील बरोबर चालत नाहीत, वीस पावलं मागून येतात. सिग्नलला मात्र अजून शेजारी उभे राहतात.